नाड्यावरचा ताण

अकरावीच्या वर्गात चाकावरून दोर टाकून दोन वजनं लटकवली आणि दोरात ताण किती असं विचारलं, की बरीच मुलं जड वजनाचा आकडा सांगतात आणि काही जण दोन्हींची बेरीज करतात. दोन्ही उत्तरं चूकच. पण पहिल्यामागे निदान काही विचार आहे. वजन नुसतं टांगलेलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं.

आमच्या धाराशिवकडे या गणितासाठी प्रयोगशाळेची वाट बघावी लागत नाही, पाणी शेंदणं इथं कुणाला शिकवावं लागत नाही. समजा, विहिरीच्या चाकावरून एकच दोर गेलाय. एका टोकाला भरलेला पोहरा, १२ किलोचा, दुसऱ्याला अर्धवट भरलेला, ८ किलोचा. सोडून दिले की जड खाली, हलका वर. ओढणारा फरक ४ किलोच्या वजनाचा, पण हलवायचे आहेत वीसही किलो. म्हणून त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचव्या हिश्शाइतकं, १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताण येतो ९४ न्यूटन. जड पोहऱ्याचं वजन ११७.६, हलक्याचं ७८.४, ताण या दोहोंच्या मधे. तो तिथंच असायला हवा, नाहीतर एक खाली आणि दुसरा वर जाईलच कसा? मुलांना मी सूत्राआधी हेच विचारायला लावतो.

केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवुडनं १७८४च्या ग्रंथात या यंत्राचं वर्णन केलं, ते वजनं जवळजवळ सारखी घेऊन. फरक लहान म्हणजे त्वरण लहान. मग पडणं इतकं संथ होतं की लंबकाच्या ठोक्यांवर मोजता येतं.

मला मात्र चाकाचा आस जास्त गमतीचा वाटतो. त्यावर दोन्ही बाजूंचा ताण मिळून १८८ न्यूटन येतो, आणि पोहऱ्यांचं एकूण वजन आहे १९६. आठ न्यूटन गेले कुठे? कुठेही नाही. जड पोहरा खाली जातोय, म्हणजे दोघांचा मिळून गुरुत्वमध्यही खाली चाललाय, वेग वाढवत. म्हणून तेवढा भार आसाला पेलावा लागत नाही. पोहरे हातानं धरून थांबवले, तर हिशेब पुन्हा वेगळा. (इथं दोर आणि चाक वजनरहित धरले आहेत, घर्षणही नाही. भिजलेला सुती दोर हे ऐकून हसेल.)

मोटेचं गणित याहून अवघड. एका टोकाला मोट, दुसऱ्याला उताराच्या धावेवर बैलजोडी, मधे चाकावरून नाडा. बैल उतरतात तेव्हा त्यांच्या वजनाचा उताराच्या दिशेतला वाटा ओढायला मदत करतो, म्हणून धाव सपाट ठेवत नसत. मोट एका चालीनं चढत असेल, तर नाड्यात तिच्या वजनाइतकाच ताण. पण बैलांनी सुरुवातीला हिसका दिला आणि त्वरण एक मीटर प्रति सेकंद वर्ग झालं, तर ताण दहा टक्क्यांनी वाढतो. बैल मागे सरकवत मोट उतरवताना उलट होतं, नाडा हलका पडतो, आणि मोट पाण्याला टेकली की ताण जवळपास संपतोच. मोटेच्या सोंडेला बांधलेला दुसरा दोर, सोंदूर, तर त्या वेळी वेगळ्याच ताणात असतो. त्याचं समीकरण मी परीक्षेत कधी घालत नाही.