कोंडापल्लीच्या बाहुल्या

बल्लारशाहकडून विजयवाड्याला रेल्वेने निघालात, तर विजयवाडा वीसेक किलोमीटर राहिले असताना कोंडापल्ली लागते. डोंगरावर जुना किल्ला, पायथ्याशी बाहुल्या करणाऱ्या कारागिरांची वस्ती. तेलुगूत बाहुलीला 'बोम्म' म्हणतात. सवड काढून अवश्य उतरा.

इथे तुम्हाला आपलाच संसार दिसेल. बैलगाडी हाकणारा गडी, धान्य कांडणाऱ्या बाया, ताडावर चढलेला माणूस. शेजारी दशावतार आणि अंबारीचा हत्तीही असतो. संक्रांतीला तिकडच्या घरोघरी अशा बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात. त्या मांडणीला 'बोम्मल कोलुवु' म्हणतात.

बाहुली होते कशी, ते पाहण्याजोगे आहे. लाकूड 'तेल्ल पोनिकी' या झाडाचे. झाड आपल्या एरंडाच्या कुळातले. लाकूड हलके आणि मऊ. आधी ते वाळवून, मंद आचेवर शेकून त्यातली ओल पुरती काढतात. ओल राहिली तर पुढे तडा जातो. मग हात, पाय, डोके, धड असे भाग वेगवेगळे कोरून जोडतात. सांधे बुजवायला चिंचोक्याचे पीठ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा वापरतात. तो सुकला की घासायचे, चुन्याचा हात द्यायचा आणि शेवटी बारीक कुंचल्याने रंगवायचे. या कामाला सारे घर लागते. चिंचोके आपल्याकडे उकिरड्यावर जातात. तिथे त्यांवर बाहुलीचे हातपाय टिकतात!

या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण कारागिराची खरी चिंता लाकडाची. पोनिकी शेतात लावायची रीत नव्हती. ती डोंगरातल्या जंगलातून यायची. वर्षानुवर्षे तोड झाली, त्या मानाने लागवड झाली नाही. झाड वाढायला वर्षे लागतात, आणि चूल तर रोज पेटवावी लागते. लाकूड महागले की बाहुली महागते आणि मुले दुसरा धंदा शोधतात. म्हणून आता पोनिकीची रोपे लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. कला टिकवायची तर आधी झाड टिकवले पाहिजे, हे तिथे पटते.

तेव्हा बाहुली घेताना फार घासाघीस करू नका. आणि घरी परतलात की आपल्या गावातल्या सुताराला, बुरुडाला एकदा विचारा : तुला लागणारे झाड, बांबू आता कुठून येतो? उत्तर 'लांबून' असे आले, तर येत्या पावसाळ्यात बांधावर त्यातली चार रोपे लावा.