तिसऱ्या मात्रेचा गुडघा

संपादकांनी माझ्याकडे 'बॅलेची ओळख' करून देणारा लेख मागितला होता. रशियन नर्तिका, पांढरे घोळदार झगे, झारच्या काळातली नाट्यगृहं हे सगळं त्यात यावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना सांगितलं की मला फक्त एका पावलाबद्दल लिहायचं आहे. त्यांनी होकार दिला याबद्दल त्यांचे आभार. हे पाऊल वॉल्ट्झचं. मुंबईत मुलांना बॅले शिकवण्यात माझी हयात गेली, पण या जूनपासून हे एक पाऊल माझ्या डोक्यातून जात नाही.

जूनमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी क्लासमधून काढलं. माणूस सभ्य होता, कारणही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "मिस, वर्ष झालं, अजून तेच एक-दोन-तीन चाललंय. तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या क्लासमध्ये टोकावर नाचायचे शूज मिळालेसुद्धा." त्याच आठवड्यात त्या मुलीला तिसरी मात्रा सापडली होती. ही किती मोठी गोष्ट आहे, हे दारात उभ्या असलेल्या, घड्याळाकडे बघणाऱ्या पालकाला समजावता येत नाही. इथे जागा मिळाली आहे, तर समजावते.

वॉल्ट्झचं संगीत तीन मात्रांचं असतं आणि पहिली मात्रा वजनदार. बॅलेमध्ये त्यावरचं पहिलं पाऊल म्हणजे बालान्से. उजवा पाय बाजूला सरकवायचा आणि त्याच्यावर हलकेच उतरायचं, गुडघा वाकवून. ही झाली पहिली मात्रा. दुसऱ्या मात्रेला डावा पाय उजव्याच्या मागे, चवड्यावर. शरीर वर जातं, उजवा पाय जमिनीपासून किंचित सुटतो. तिसऱ्या मात्रेला पुन्हा उजव्या पायावर, पुन्हा गुडघा वाकलेला, आणि डावा पाय घोट्यामागे उचललेला. खाली, वर, खाली. मग हेच डाव्या बाजूला. डोकं आणि धड ज्या बाजूला जायचं त्या बाजूला झुकतं, हात त्यांच्याबरोबर हवेतून वाहत येतात. गुडघा वाकवण्याच्या त्या क्रियेला आम्ही प्लिए म्हणतो, आणि अर्धा वाकवला तर देमी-प्लिए. बॅलेतला प्रत्येक क्लास बारला, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला, धरून केलेल्या प्लिएने सुरू होतो. पण बारला धरून केलेला प्लिए जागच्या जागी असतो. वॉल्ट्झमध्ये मूल पहिल्यांदा बार सोडतं, शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेतं आणि तेही संगीत चालू असताना. तोवर तो व्यायाम असतो. इथून नृत्य सुरू होतं.

चालत्या लोकलमध्ये दांडा न धरता उभा राहणारा मुंबईकर ब्रेक लागल्यावर गुडघ्यातून झटका गिळतो, तसंच काहीसं पहिल्या मात्रेला अपेक्षित असतं. नवीन मुलं मात्र नेमकं उलट करतात. संगीतातला जोर ऐकला की ती वर उडी मारतात. जोर म्हणजे उंच, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. कथक शिकलेल्या मुलींचं तसं होत नाही. समेवर पाय खाली यायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. पण त्या जमिनीवर आघात करतात, आणि इथे तो आघात गुडघ्याने मऊ करायचा असतो. भरतनाट्यमच्या मुलींना अरमंडीमुळे वाकलेले गुडघे आणि बाहेर वळलेली पावलं फार लवकर समजतात. त्यांची अडचण दुसऱ्या मात्रेला वर येण्याची. गोव्याच्या घरांतली काही मुलं लग्नांमध्ये नाचून तयार वॉल्ट्झ घेऊनच येतात. पण त्या वॉल्ट्झमध्ये पावलं समांतर असतात आणि पुढे जाताना टाच आधी टेकते. आमच्याकडे पाय मांडीच्या सांध्यातून बाहेर वळलेला आणि जमिनीला आधी बोटं लागतात. प्रत्येकाकडे काहीतरी आधीच असतं आणि प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. म्हणून वर्ष लागतं.

मराठी मुलांना मोजणं शिकवताना मला आपल्या दादऱ्याचा फार उपयोग होतो. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिलीवर सम आणि चौथीवर काल. बालान्सेही एकटा कधी नसतो. उजवीकडचा आणि डावीकडचा मिळून एक आवर्तन पुरं होतं, आणि डावीकडचा किंचित हलका ठेवला तर ते श्वास घेतल्यासारखं दिसतं. जगभरचे बॅले शिक्षक 'एक दोन तीन, दोन दोन तीन, तीन दोन तीन' असंच मोजतात, म्हणजे प्रत्येक गटाची पहिली मात्रा त्या गटाचा क्रमांक सांगते. आठ गट झाले की वाक्य संपतं. ज्या मुलांच्या घरी तबला वाजतो त्यांना मी हे एकदाच सांगते.

आता ज्या मुद्द्यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात त्याकडे येते. बालान्सेचं एक भावंड आहे, पा द वाल्स. दिसायला तसंच, पण दुसरा पाय मागे ओलांडत नाही. नर्तक पुढे किंवा गोल फिरत जातो. बहुतेक ठिकाणी हे पाऊल खाली, वर, वर असं शिकवतात. पहिली मात्रा गुडघा वाकवून, पुढच्या दोन चवड्यांवर. त्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती दोन्हींना सरसकट 'वॉल्ट्झ स्टेप' म्हणून एकाच महिन्यात, एकाच वयात शिकवण्याला. मग मुलाची तिसरी मात्रा ना खाली राहते ना वर. टाच अधांतरी, गुडघा अर्धवट, घोटा डगमगता. असं पाऊल एकदा पायात बसलं की निघत नाही. दुसऱ्या क्लासमधून आलेल्या मुलांच्या पायांत मी ते आल्या दिवशी ओळखते.

माझं म्हणणं असं की पहिली दोन वर्षं फक्त बालान्से शिकवावा आणि तिसरी मात्रा ठामपणे खाली ठेवावी. कारण पुढच्या गटाचा पहिला पाय ज्या ताकदीने बाहेर जातो, ती ताकद तिसऱ्या मात्रेच्या प्लिएमधून येते. तिसऱ्या मात्रेला मूल चवड्यावर असेल, तर पुढची पहिली मात्रा म्हणजे उंचावरून उतरणं. ते उतरणं आवरायला घोट्यात आणि पोटरीत जे बळ लागतं, ते नऊ वर्षांच्या मुलीकडे नसतं. ती पडते आणि पडल्याचा आवाज येतो. पंधरा मुलींनी एकदम पहिली मात्रा आदळली की तो आवाज बाहेर बसलेल्या पालकांनाही ऐकू जातो. त्यांना वाटतं, मुली जोशात नाचताहेत.

विरोधी बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही. ते म्हणतात, तिसरी मात्रा खाली आणि लगेच पहिलीही खाली, म्हणजे दोन 'खाली' लागोपाठ आले, लाट मोडली. संगीत तर तिसऱ्या मात्रेला वर उचलून पुढच्या पहिलीकडे नेतं. शरीरानेही तेच करावं. बॉलरूममधल्या संथ वॉल्ट्झमध्ये तसंच होतं: पहिल्या मात्रेच्या शेवटी वर येऊ लागायचं, दुसरी-तिसरीला चढत जायचं आणि तिसरीच्या अगदी शेवटी उतरायचं. यावर माझं उत्तर असं की हे दोन 'खाली' एकसारखे नाहीत. तिसरीचा प्लिए गोळा करणारा आणि पहिलीचा सोडणारा. दोहोंच्या मधे पाय पूर्ण ताणून बाहेर जातो, शरीर बाजूला सरकतं आणि लाट तिथे असते, उंचीत नसून अंतरात. हे डोळ्यांना दिसायला मात्र प्लिए खरा लागतो, वाकून थांबलेला चालत नाही. दिग्गज रशियन शिक्षिका आग्रिपिना वागानोवा यांनी 1934 मध्ये बॅलेच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिलं, त्यात मुलांनाही करता येण्याजोग्या सोप्या पावलांत बालान्से धरला आहे. सोपं पाऊल म्हणूनच ते काटेकोर हवं, असं मला वाटतं.

तरीही एक कबूल करायला हवं. रात्री मोठ्या कंपन्यांची चित्रीकरणं बघत बसते तेव्हा दिसतं की प्रत्येक नर्तिकेची तिसरी मात्रा वेगळी आहे. नृत्यरचनाकार बालान्शीनने 'सेरेनाद' हे बॅले 1934 मध्ये अमेरिकेत आपल्या विद्यार्थ्यांवर बसवलं. संगीतकार चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांच्या रचनेवर. त्यातला वॉल्ट्झचा भाग बघताना खाली-वरचा हिशोब मी विसरते. त्याच बालान्शीनने 1960 मध्ये ब्राम्सच्या वॉल्ट्झगीतांवर एक नृत्य केलं. त्यात चार जोड्या पूर्वार्धात टाचांच्या बुटांत बॉलरूममध्ये नाचतात, आणि उत्तरार्धात त्याच स्त्रिया प्वान्त शूज, म्हणजे टोकावर नाचायचे शूज, घालून येतात. तेच तीन मात्रांचं संगीत, पण शरीर पूर्ण वेगळं. हे बघितलं की वाटतं, माझा आग्रह वर्गापुरता खरा आहे आणि रंगमंचाला तो लागू नाही. पण मी वर्गातच शिकवते.

रंगमंचाचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगते: वॉल्ट्झ मुळात दरबारी नाहीच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या खेडूत नाचांतून तो शहरांत आला. जोडीने एकमेकांना धरून गोल फिरणं तेव्हा इतकं निर्लज्ज मानलं गेलं की 1816 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने त्याच्यावर तोंडसुख घेतलं. बॅलेने तो उचलला तेव्हा मिठी बाजूला पडली आणि तीन मात्रा उरल्या. 1841 च्या 'जिझेल'मध्ये गावकऱ्यांचा वॉल्ट्झ आहे. खरं शिखर चायकोव्हस्कीचं: 1877 चं 'स्वान लेक', 1890 चं 'स्लीपिंग ब्यूटी', 1892 चं 'नटक्रॅकर'. तिन्हींत मोठे वॉल्ट्झ आहेत. शेवटच्या दोन्हींसाठी नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा चायकोव्हस्कीला लेखी सूचना देत असे, कुठल्या प्रसंगाला किती मोजणीचं संगीत हवं इथपर्यंत. 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या फुलांच्या कमानींच्या वॉल्ट्झमध्ये त्याने नृत्यशाळेतली लहान मुलं मोठ्या नर्तकांबरोबर उभी केली. मुलांची आणि मोठ्यांची पावलं एका संगीतात बसवता येतात, ती या तीन मात्रांमुळेच.

'नटक्रॅकर'मधला फुलांचा वॉल्ट्झ सगळ्यांना माहीत असतो. वार्षिक कार्यक्रमाला पालक तोच मागतात. मला त्याच बॅलेतला हिमकणांचा वॉल्ट्झ जास्त मोलाचा वाटतो. शब्दाविना गाणारा वृंद त्यात आहे, आणि स्वरांचे गट दोन-दोनचे केल्यामुळे तीनची पहिली मात्रा कानाला सापडत नाही. ज्या मुलीच्या गुडघ्यात पहिली मात्रा पक्की आहे तीच त्यात टिकते. कानाने मोजणारी हरवते. मी मोठ्या मुलींची परीक्षा त्याच संगीतावर घेते.

संगीताबद्दल बोलते आहे, तर एक तक्रारही मांडते. बॅलेचा वर्ग पियानोवादकाबरोबर चालायला हवा. आमच्याकडे बहुतेक वर्ग स्पीकरवर चालतात, कारण पियानो ठेवायला जागा नाही आणि वादकाला द्यायला पैसे नाहीत. पूर्वी वांद्र्याचे एक वृद्ध गोवेकर गृहस्थ माझ्या वर्गाला वाजवत. मुलांचा पाय उशिरा वर येतोय हे दिसलं की ते दुसरी मात्रा केसभर अलीकडे आणत. व्हिएन्नाचे वादक वॉल्ट्झ असाच वाजवतात. दुसरी मात्रा जराशी आधी, मग तिसरीपर्यंत मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत मुलीला खाली यायला वेळ मिळतो. मी अर्धा तास बोलून जे होत नाही, ते हे गृहस्थ दोन ओळींत करत. ध्वनिमुद्रित संगीत कुणासाठी थांबत नाही आणि कुणाला उचलत नाही.

दुसरी तक्रार गैरसमजाची. बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यावर उभं राहणं, असं आपल्याकडे पक्कं झालं आहे. सूनी तारापोरवाला यांच्या 2020 च्या 'ये बॅले' चित्रपटामुळे मुंबईच्या साध्या घरांतली दोन मुलं बॅलेत कुठवर गेली हे घराघरांत पोहोचलं, याचा मला मनापासून आनंद आहे. मुलगे वर्गात येऊ लागले ते त्यानंतर. पण चित्रपटातल्या त्या मुलांच्या उड्या लोकांच्या लक्षात राहिल्या, उडीआधीचा आणि उडीनंतरचा गुडघा राहिला नाही. टोकाचे शूज काही वर्षांच्या नियमित सरावानंतरच द्यावेत, आणि साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देऊ नयेत. वाढत्या वयात पावलाची हाडं अजून तयार होत असतात, आणि घोट्याला आधार देणारे स्नायू वॉल्ट्झसारख्या 'कंटाळवाण्या' पावलांतूनच तयार होतात. नवव्या वर्षी शूज मिळालेली मुलगी फोटोत सुंदर दिसते. पंधराव्या वर्षी तिच्या घोट्याचं काय होतं, ते फोटोत येत नाही.

ती जूनमधली मुलगी सध्या दुसरीकडे शिकते. तिच्याबद्दल राग नाही, तिच्या वडिलांबद्दलही नाही. खर्च करणाऱ्या पालकाला काहीतरी दिसायला हवं असतं, हे मला कळतं. तिची तिसरी मात्रा टिकली असेल का, एवढंच मनात येतं.

या दिवाळीनंतर कुणी मुलाला बॅलेला घालणार असेल, तर माझी विनंती आहे. शूज कधी मिळतील हे विचारू नका. जमीन कशी आहे ते आधी विचारा. शहाबादी किंवा मार्बलच्या फरशीवर वर्ग चालत असेल तर मुलाला तिथे पाठवू नका; खाली दबणारी लाकडी जमीन हवी. मग दारात उभं राहून मुलांचा वॉल्ट्झ ऐका. पहिल्या मात्रेला धप्प आवाज येत असेल, तर दुसरा वर्ग शोधा.