जो थांबू शकत नाही, तो आधी

विजेच्या मोटारींना जागेवर जाऊन चार्जिंग देणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी टेम्पोंचे मार्ग आखते. प्रत्येक टेम्पोच्या हौद्यात ४० युनिटची बॅटरी, शेजारी चार्जर आणि जाडजूड केबल. टेम्पो स्वतः चालतो तो वेगळ्या बॅटरीवर. त्यामुळे सकाळी तो बाहेर पडला की दोन आकड्यांवर माझं लक्ष असतं: द्यायची वीज किती उरली आणि परत यायला किती उरली.

लोकांना वाटतं, पत्ते टाकले की कॉम्प्युटर जवळचा रस्ता काढून देतो आणि काम झालं. कॉम्प्युटर लागतोच. दहा पत्ते कोणत्या क्रमाने घ्यायचे याचे ३६,२८,८०० पर्याय होतात, ते कागदावर कोण मांडणार? गणितात हा प्रश्न जुना आहे. डॅन्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ साली त्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे उदाहरण होतं पंपांना पेट्रोल पोचवणाऱ्या टँकरचं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या कामाचं मूळ सापडल्यासारखं वाटलं होतं. पण पंप जागचा हलत नाही. आमचं गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा अनेकदा धावत्या गाडीत असतं, आणि दर किलोमीटरला त्याची गरज बदलत असते.

आमच्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. ज्यांच्या सोसायटीत अजून चार्जिंग पॉइंट झालेला नाही, त्यांना आम्ही रतीबाचे म्हणतो. त्यांची वेळ आदल्या दिवशी ठरते, गाडी घरीच उभी असते. दुसरे रस्त्यात अडकलेले. पैसा येतो रतीबातून. म्हणून टेम्पोतली सगळी वीज रतीबालाच लावावी, असं हिशेब बघणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. मी मात्र संध्याकाळपर्यंत प्रत्येक टेम्पोत ८ युनिट राखून ठेवते आणि त्यासाठी मीटिंगमध्ये भांडते.

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगते. आमचा एक टेम्पो वडगावात एका सोसायटीचं काम आटपत होता, पुढचं गिऱ्हाईक कोथरूडला. तेवढ्यात साताऱ्याहून येणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. गाडीत बायको, आई आणि लहान मूल. बॅटरी ४ टक्के. "मॅडम, बोगदा पार केला की उतारच आहे ना? पोचेन मी नवले पुलापर्यंत."

उतार आहे, हे खरं. उतारावर विजेची गाडी थोडी वीज परतही मिळवते. पण शिंदेवाडीपासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत आधी चढ आहे, आणि गाडी बंद पडायचीच असेल तर ती चढावर किंवा बोगद्यात पडणार. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झालेत हे पुण्यात कुणाला सांगायला नको. तिथे पावसात, अंधारात, मागून ट्रक येत असताना टेम्पो उभा करून केबल जोडायची परवानगी मी कुणालाही देणार नाही.

"काका, चढ सुरू व्हायच्या आत डाव्या हाताला हॉटेल बघा, आवारात गाडी घ्या आणि तिथेच थांबा," मी म्हटलं.

मग चालकाला फोन. "दादा, शिंदेवाडीला जायचंय. त्या गृहस्थांची गाडी पुण्याकडे तोंड करून आहे."

"म्हणजे पुढे जाऊन वळून यावं लागेल, ताई," ते म्हणाले. नकाशावर दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि मध्ये महामार्गाचा दुभाजक असतो. दादांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

कोथरूडच्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्यांना सकाळपर्यंत गाडी लागणार नव्हती. "आधी त्यांच्याकडे जा हो, आमचं रात्री केलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

आमचा चार्जर १५ किलोवॅटचा, म्हणजे चार मिनिटांत एक युनिट. त्या गृहस्थांना पूर्ण चार्जिंग हवं होतं. मी ६ युनिटच द्यायला सांगितली: २४ मिनिटं, आणि शहरातल्या मोठ्या चार्जरपर्यंत चढासकट निर्धास्त पोचता येईल एवढी वीज. अडकलेल्या माणसाला वाट काढून देण्यापुरतं द्यावं, टाकी भरून देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. त्या वेळात आणखी कुणीतरी कुठल्या तरी घाटाखाली उभं असू शकतं. ते कुटुंब रात्री घरी पोचलं, कोथरूडचं कामही त्याच रात्री झालं.

सर्वांत जास्त वेळ खातात ते शेवटचे पन्नास मीटर. बेसमेंटच्या तोंडाशी लोखंडी पट्टी असते, टेम्पोचा टप तिच्याखालून जात नाही. खाली फोनला रेंज नसते, वॉचमनला काही माहीत नसतं. एमजी झेडएस ईव्हीचं चार्जिंगचं तोंड पुढे, लोगोपाशी आहे. नेक्सॉन ईव्हीचं मागे, पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. पहिली गाडी नाक भिंतीला लावून उभी केली, की दारात टेम्पो असूनही केबल पोचत नाही. मग मालकाची वाट बघा. हे कुठल्याच नकाशात नसतं, म्हणून मी प्रत्येक पत्त्याखाली लिहून ठेवते: कुठल्या गेटने आत जायचं, गाडी वर घ्यावी लागते का, तोंड कुठल्या बाजूला. हे टिपण चालकाच्या हाती असलं की अर्धा तास वाचतो, आणि त्या अर्ध्या तासात एक माणूस सुटतो.

तेव्हा विजेची गाडी चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. २ टक्क्यांवर येईपर्यंत थांबू नका, १५ टक्क्यांना फोन करा. घाट पुढे असेल तर घाटाआधी करा. ठिकाणाबरोबर गाडीचं तोंड कुठल्या शहराकडे आहे तेही सांगा, आणि टेम्पोला उभं राहता येईल अशी जागा बघूनच गाडी थांबवा.