पागोळ्यांखालची चेतक

आमच्याकडे स्कूटरचं वय पावसाळ्यांत मोजायचं. पळसदरीला जूनच्या मध्यावर ढग एकदा घाटाला टेकले की पार नवरात्रापर्यंत उठायचं नाव घेत नाहीत. एवढे दिवस कौलांच्या पागोळ्या, गोठ्यातली ओल आणि चुलीचा धूर यांच्या संगतीत कितीतरी गाड्या निळ्या ताडपत्रीखाली पडून असतात. ताडपत्रीच्या कडेतून गोल दिवा डोकावताना दिसला की माझी पावलं आपोआप मंदावतात. "चेतक का हो, काका?" एवढं विचारलं की माणूस बाहेर येतो, ताडपत्रीवरचं पाणी झटकतो आणि आत चहा ठेवायला सांगतो.

या गाड्या अशा सहजासहजी दाराशी आलेल्या नाहीत. आकुर्डीत बजाज आधी इटलीच्या पियाजोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवीत असे. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स निघाली, तिची प्रिया. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, म्हणून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. डॉलर भरले तर गाडी लवकर मिळे म्हणे; पण कर्जत-खालापुरात डॉलर धाडणारे नातेवाईक कुठले! खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारे, रेल्वेतले, शाळामास्तर, अशांनी पोरगी लहान असताना नंबर लावला आणि गाडी आली तेव्हा तिच्या लग्नाच्या पत्रिका त्याच गाडीवरून वाटल्या. गाडीच्या कागदांची पिशवी देव्हाऱ्यामागे ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

घाट तर पाचवीलाच पुजलेला. आमच्या स्टेशनातून रुळांचे दोन फाटे होतात, एक खोपोलीला जातो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्याला. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतलाच मागून जादा इंजिनं लागतात. स्कूटरला मागून ढकलायला कोण? एकशे पंचेचाळीस सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पुढे पोर उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी. डाव्या मुठीत गिअर, पहिला वर, मग न्यूट्रल, मग दोन-तीन-चार खाली. इंजिन गार ठेवायला फ्लायव्हीलवरचा पंखा, बस्स. पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिली ऑइल घालताना हात आखडला, तर चढावर पिस्टन धरलाच म्हणून समजा. म्हणून घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी थांबायचं. नाणं टाकायचं ते श्रद्धेपोटी खरंच, पण तेवढ्यात इंजिनही निवायचं. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्याने ही जुनी मंडळी आजही शिंग्रोबाच्याच वाटेने वर जातात, ते बरंच आहे.

पण चेतकचा घात घाटाने फारसा केला नाही. घात केला पावसाने, आणि त्याचं कारण तिच्या घडणीतच आहे. चेतक व्हेस्पाच्याच घडणीची, आणि मूळ व्हेस्पा १९४६ साली आखणारा कोर्रादिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टर रचणारा माणूस. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि चासी म्हणून वेगळी ठेवलीच नाही. दाबून घडवलेला पत्रा हाच सांगाडा. बुलेट किंवा येझदीचा मडगार्ड सडला तर मडगार्ड बदलता येतो. लॅम्ब्रेटाच्या पोटातही नळीचा सांगाडा असतो. चेतकचा पत्रा सडला की कणाच गेला.

खोपोलीच्या एका मिस्त्रींकडे हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक गाडी आली होती, वरून झकास, नवाकोरा आकाशी रंग, आरशासारखं क्रोम. मिस्त्रींनी पाय ठेवायच्या जागेवरची रबरी मॅट उचलली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा वाजवत पुढून मागे आले. ठण्, ठण्, ठण्, आणि ब्रेकच्या पेडलपाशी एकदम ठस्स. मूठ उलटी करून टोक टेकवलं मात्र, ते आरपार गेलं. रंगाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली तांबूस पापुद्रे. मॅटखाली साचलेलं पाणी वाळतच नाही, ते बसतं पत्रा खात. "रंगाचे पैसे दिले तुम्ही, दादा," मिस्त्री म्हणाले, "गाडी अजून घ्यायचीय."

जुन्या गाड्यांचा भाव वाढल्यापासून हा रंगारी धंदा फोफावला आहे. आपल्याकडच्या कितीतरी लॅम्ब्रेटा अशाच नटूनथटून इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या शौकिनांनी रंग खरवडल्यावर कपाळाला हात लावला. कस्टमच्या नावाखाली मूळ दिवा, हँडल, सीट काढून फेकणाऱ्यांविषयी तर मी बोलतच नाही. मला विचाराल तर फिका पडलेला कंपनीचा रंग, त्यावर मुलांनी चिकटवलेलं स्टिकर आणि शाबूत तळ, ही गाडी लाखमोलाची.

कायद्याचं म्हणणंही थोडंफार तसंच आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. गंमत म्हणजे नियम आला तेव्हा एकही चेतक पन्नाशीची नव्हती. आता होऊ लागल्यात. मात्र या नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच मुभा. ज्याला गाडीवरून कर्जतच्या बाजाराला जायचंय त्याने 'व्हीए'च्या मोहात पडू नये, साधी नोंदणी वेळेवर वाढवून घ्यावी.

तेव्हा तुमच्या पडवीत अशी एखादी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आर.सी. बुक शोधा आणि त्यातला नंबर पत्र्यावर ठोकलेल्या नंबराशी ताडून बघा. कागद गेले तर गाडी नावावर ठेवणं फार जड जातं. आणि मे संपायच्या आत तेवढी मॅट उचला.