परतीची वाट

"दादा, तुमच्याकडं आणली की गाडी शहाण्यासारखी वागते बघा."

खोपोलीचे एक निवृत्त गुरुजी अगदी थकल्या आवाजात म्हणाले. त्यांची प्रीमियर पद्मिनी कर्जतला माझ्या गॅरेजसमोर एका लयीत चालू होती. तक्रार अशी, की सपाटीला काही त्रास नाही, पण बोरघाट चढायला लागली की हेडलाइट मंदावतात, इंजिन अडखळतं, एखाद्या वेळी बंदच पडतं. खंडाळ्याला पोचलं की पुन्हा सगळं ठीक. त्याआधी दोन ठिकाणी कॉईल, कंडेन्सर, पॉइंट आणि शेवटी बॅटरीही बदलून झाली होती. खर्च झाला, दोष तसाच राहिला.

कायमचा बिघाड सापडायला सोपा. तुटलेली वायर तुटलेलीच असते. येऊन-जाऊन असणारा बिघाड मात्र आपण पाहायला गेलो की तिथं नसतो. अशा वेळी "गाडीत काही नाही" असं सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवणं, किंवा अंदाजानं एकेक पार्ट बदलत जाणं, या दोन्ही गोष्टी मी चुकीच्या मानतो. तक्रार खरी धरायची आणि ज्या परिस्थितीत बिघाड होतो ती परिस्थिती पुन्हा उभी करायची. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गाडीवर मी बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारतो, एका वेळी एकाच जोडावर. मे महिन्याच्या उन्हात रुसणाऱ्या गाडीची कॉईल केस वाळवायच्या मशिननं तापवतो. खड्ड्यात दिवे जात असतील तर वायरिंग वीतभर-वीतभर हलवत जातो. आमच्याकडचा पाऊस जोडांच्या आत शिरतो, तांब्यावर हिरवट थर चढवतो. वरून वायर नवी दिसते, आत ती कुजलेली असते.

मीटरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर तिच्यातून करंट जवळजवळ घेतच नाही. तिथं हेडलाइटचा बल्ब जोडला की तिचं खरं बळ कळतं. जोडात ०.१ ओहमचा अडथळा असेल आणि त्यातून १० अँपिअर करंट जात असेल, तर १ व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. म्हणून जोड काम करत असतानाच मोजायचा.

गुरुजींना मी बसवून घेतलं आणि विचारत गेलो. कुठल्या गिअरमध्ये होतं? दुसऱ्या. उतारावर कधी झालं? नाही. मग विचारलं, "गुरुजी, सेल्फ मारल्यावर चोकची मूठ कधी गरम लागते का?"

"लागते की! सकाळी लागते. मला वाटलं, इंजिनची ऊब असेल."

चोक ओढतात तो थंड इंजिनाला. तिथं ऊब कुठून येणार? माझा संशय तिथंच बसला. करंट चोकच्या तारेतून वाट काढत होता, म्हणजे त्याची नेहमीची वाट कुठंतरी तुटत होती.

आमच्या भागाला वीज नवी नाही. खोपोलीचं वीजघर १९१५ पासूनचं, भिवपुरीचं १९२२ पासूनचं. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, चाकं फिरवतं आणि पाताळगंगेला, उल्हासला मिळतं. हाताखालच्या मुलांना करंट समजावताना मी या नळांचंच उदाहरण द्यायचो. पण ते अर्धंच खरं आहे. पाणी काम करून पुढं वाहून गेलं तरी चालतं. करंटला जिथून निघाला तिथं परत यावंच लागतं. गाडीत ही परतीची वाट म्हणजे अर्थिंग: इंजिन, बॉडी आणि तिथून बॅटरीची निगेटिव्ह. शोधणारा बहुतेक वेळा जाणारी वायर तपासतो, परतीची विसरतो.

मी मीटरची एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला, आणि मीटर मांडीवर घेऊन गुरुजींच्या शेजारी बसलो. खोपोलीपर्यंत काटा जवळजवळ शून्यावर होता. घाट लागला. शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडं दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर जोर आला आणि काटा दोन व्होल्टच्या पुढं उडाला. दिवे मंदावले. गाडी बाजूला घेतली. जाड केबलनं इंजिन थेट निगेटिव्हला जोडलं आणि पुन्हा चढवली, तर गाडी विनातक्रार चढली. केबल काढली, बिघाड परत आला. असा दोन्ही बाजूंनी पुरावा मिळाल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चढाला ते एका बाजूला कलतं, आणि त्या ओढीनं इंजिन ते बॉडी जाणारी तांब्याची विणलेली पट्टी थिंबलपाशी उघडत होती. नवी पट्टी घातली, बॉडीवरचा गंज आणि रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, वरून ग्रीस लावलं. सगळा खर्च बदललेल्या कॉईलपेक्षा कमी आला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आमच्याकडं अजून काही जणांनी या गाड्या जिवापाड जपल्या आहेत. त्यांना एकच विनंती. बिघाड झाला की वहीत लिहून ठेवा: चढ होता की सपाटी, ऊन की पाऊस, कुठला गिअर, कोणते दिवे चालू, काय गरम लागलं. ती वही मेकॅनिकच्या हातात द्या, आणि एकही पार्ट बदलण्याआधी अर्थिंग तपासायला सांगा.