आईचे गुडघे आणि मोटार



बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, जमल्यास जुंपून पाहतो. मगच इसार देतो. मग मोटार घेतानाच दुकानात चहा पिऊन सही कशी करून टाकतो?

आमचे घर सानगडीचे, धानाचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मुलाने विषय काढला. खरे कारण आईचे गुडघे. मोटारसायकलवर ती बसू शकत नाही, आणि रात्री-बेरात्री साकोलीच्या दवाखान्यात न्यायला भाड्याची गाडी मिळेलच असे नाही. पैसे दोन हंगामांच्या धानाचे, बाकी कर्ज. म्हणून मी हट्ट धरला, आपल्या रस्त्यावर आपली माणसे बसवून पाहायची.

वॅगनआर आणि टियागो अशा दोन गाड्या मनात होत्या. विनंती केल्यावर दोन्ही दुकानांनी त्या गावी आणून दाखवल्या. (विचारायला लाजू नये, पैसे पडत नाहीत.) पाच माणसे बसवली, डिकीत धानाचे पोते टाकले, एसी लावला. रिकामी गाडी कोणतीही पळते! भरली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलली, क्लचचा वास येतो का ते पाहिले. शेताकडच्या कच्च्या वाटेवर पोट घासते का, ते मुलाने वाकून पाहिले. इथवर फरक उन्नीस-बीसच.

मग आईला बसवले. वॅगनआर सुमारे १४ सेंटिमीटर जास्त उंच. तिच्यात आई खुर्चीवर बसावे तशी बसली, तशीच उतरली. टियागोत आधी टेकून मग पाय आत घ्यावे लागले, उतरताना माझा हात धरावा लागला. माझा निर्णय तिथेच झाला होता.

पण मुलाने मोबाइल पुढे केला. ग्लोबल एनकॅप ही संस्था ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी आदळवून तारे देते. मोठ्या माणसांच्या बचावासाठी टियागोला २०२० मध्ये पाचपैकी ४ तारे मिळाले, वॅगनआरला २०२३ मध्ये १. तपासलेल्या दोन्ही गाड्या दोन-दोन एअरबॅगच्याच. वॅगनआरला २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या, हेही सांगितले पाहिजे. तरी नागपूरचा महामार्ग आणि त्यावरचे ट्रक डोळ्यांपुढे आले. दोन दिवस मला ठरवता येईना.

शेवटी आईच म्हणाली, "मले उतरताना हात द्यायले तू हायेस ना? गाडी ठोकल्यावर कोन देइल?"

टियागो घेतली. आई बसायच्या आधी पुढची सीट पूर्ण मागे सरकवतो. दारावरच्या मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दिली आहे; ती धरून आई आपली आपण उठते.