जीपवरून थारवर: उघड्या गाडीची पहिली पारख

जुनी उघडी जीप देऊन नव्या पिढीची, पण वापरलेली, टप उघडणारी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यातच तिच्याविषयी मत बनते. त्या मतात तीन गोष्टींची सरमिसळ असते: गाडीचे मूळ गुण, आधीच्या मालकाच्या हाताच्या खुणा आणि जुन्या गाडीने चालवणाऱ्याला लावलेल्या सवयी. या तिन्ही वेगळ्या काढता येणे म्हणजे पारख. परभणीत दोन दारांची विलायती स्पोर्ट्‌स कन्व्हर्टिबल क्वचितच नजरेस पडते. उघडी गाडी म्हटले की इथे आठवते ती जीप, आणि तिच्या पुढची पायरी म्हणजे थार.

विलीज जीपची जुळणी महिंद्राने मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. त्याच घराण्यातल्या एमएम ५४०ला प्यूजोचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन, चारही चाकांना पाटे आणि वर कापडी टप असे. ‘थार’ नावाची गाडी ऑक्टोबर २०१०मध्ये आली, तर तिची आजची पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या पिढीच्या फोर बाय फोर गाडीत २१८४ सीसीचे १३० अश्वशक्तीचे डिझेल किंवा २ लिटरचे १५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन मिळते. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत. एबीएस, पुढे दोन एअरबॅग आणि प्रवाशांभोवती पोलादी पिंजरा आहे. मागच्या माणसांना आडवे बसावे लागत नाही. कागदावरचा हा फरक मोठा आहे. अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो.

पहिली अडचण सवयीची. जुन्या जीपच्या स्टीअरिंगला चांगला चार बोटे प्ले असतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरही हात सतत डावी-उजवीकडे हलत राहतो. तोच हात थारवर आला की गाडी नागमोडी जाते आणि दोष गाडीच्या माथी बसतो. ब्रेकचेही तसेच. जीपचा ब्रेक दोनदा पंप करून लावायची सवय असते. एबीएसच्या गाडीत अचानक थांबताना तो एकदाच जोरात दाबून धरायचा असतो. तेव्हा पायाखाली पेडल थरथरते. ती थरथर बिघाडाची नसून यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. सर्वांत मोठी फसगत वेगाची होते. जीप साठच्या वर गेली की आवाजाने आणि हादऱ्याने स्वतःच सांगते. थार नव्वदलाही शांत असते. कल्याण–निर्मल महामार्गावर मानवतकडून रात्री येताना मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा ही शांतता महागात पडू शकते. म्हणून पहिला महिनाभर वेग कानाने न ठरवता काट्यावर पाहून ठरवावा. वळणावर थार झुलते, हीही सुरुवातीची तक्रार असते. उंच बांधणी आणि लांब चाल असलेले स्प्रिंग यांचा तो मूळ स्वभाव आहे. वळणाआधीच वेग कमी केला की तो जाचत नाही.

दुसरी गोष्ट आधीच्या मालकाची. गाडी खालून पाहावी. परभणीची काळी माती चिखल होऊन चिकटली आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. चॅसिसच्या कोपऱ्यांत तिचे थर असतील तर त्यामागे ओल आणि गंज असण्याची शक्यता धरावी. पायाखालचे मॅट उचलून हात फिरवावा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर जुने, असा टायर उन्हात तडकतो. त्याचा आवाज आणि हादरा नवा मालक इंजिनच्या नावावर लिहून मोकळा होतो. फोर बाय फोरचा लिव्हर अडत असेल तर तो बहुधा वर्षानुवर्षे वापरलाच गेलेला नसतो. तो शेतरस्त्यावर किंवा ओल्या मातीवर टाकून पाहावा, कोरड्या डांबरावर नाही. कारण फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरतात, वळताना मात्र त्यांना वेगवेगळे अंतर कापायचे असते; माती हा फरक सोसते, डांबर तो शाफ्ट आणि गिअरवर ढकलते. अवाढव्य टायर किंवा बदललेली बॉडी असेल तर दुप्पट सावध राहावे. मूळ रचनेत असा बदल कायद्यात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला आहे. नावावर करून घेताना फॉर्म २९ आणि ३०, बाहेरच्या पासिंगची गाडी एमएच-२२मध्ये आणायची तर फॉर्म २८ची एनओसी आणि कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५, हे सौद्याच्या दिवशीच मागून घ्यावेत.

तिसरी गोष्ट गाडीची स्वतःची, आणि ती म्हणजे टप. जुन्या जीपचा टप काढणे म्हणजे दांड्या, पट्टे, बकल आणि मदतीला आणखी एक माणूस. थारच्या टपाला काचेच्या वरच्या कडेला खटके असतात. बाजूचे आणि मागचे पडदे काढायचे, खटके सोडायचे आणि सांगाडा मागे घडी करायचा. पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या हा यातला नाजूक भाग. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने त्या पिवळट, धुरकट होतात. त्यांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की मातीचे कण बारीक रेघा ओढतात आणि मागून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या रेघांत फुटतो. आधी भरपूर साधे पाणी सोडावे, मगच ओले मऊ फडके लावावे. थंडीच्या पहाटे प्लास्टिक कडक झालेले असते, तेव्हा घडी घालू नये. तडा घडीच्याच रेषेवर जातो. पडद्याची चेन अडली तर ओढू नये, दातांवर मेणबत्ती फिरवावी. गळती पाहण्यासाठी पावसाची वाट पाहण्याचे कारण नाही: एकाने आत बसावे, दुसऱ्याने खटक्यांच्या कोपऱ्यावर पाच मिनिटे पाइप धरावा.

हे सगळे केल्यावर या बदलाचे मोल हाती लागते. जीपचा उघडेपणा सक्तीचा होता: ऊन, धूळ, पाऊस, जे येईल ते सोसायचे. थारमध्ये तो आपल्या हातात येतो. वैशाखातल्या दुपारी टप बंद आणि एसी सुरू. कापसाच्या हंगामात मानवतच्या बाजारपेठेजवळ गाड्यांतून उडणारे तंतू मांडीवर येऊन बसतात. तिथेही टप बंदच बरा. मात्र डिसेंबरात, जेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमानाची नोंद एक आकडी होऊ लागते, तेव्हा संध्याकाळी चारनंतर जिंतूरमार्गे येलदरीच्या धरणाकडे टप उघडून जावे. तुरीच्या शेतांचा वास, पाण्यावरून येणारा गारवा आणि कलता सूर्य हे तिन्ही काचेशिवाय भेटतात. उघड्या गाडीवर जीव असणाऱ्याला यासाठीच ती हवी असते.

पहिल्या महिन्यातली निरीक्षणे वहीत तीन रकान्यांत लिहावीत: सवय, आधीचा मालक, गाडी. सवयीचा रकाना आपोआप रिकामा होत जातो. आधीच्या मालकाचा रकाना टायर, माती आणि चेन यांवर खर्च करून मिटवता येतो. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर तिसऱ्या रकान्यात जे उरते, तेच त्या गाडीविषयीचे खरे मत.